जोडीदाराचं ग्रीन कार्ड: अर्ज एकाचा, फाइल दोघांची

अमेरिकेत नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नात्याने ग्रीन कार्ड हवं असेल, तर सुरुवात ज्याला कार्ड हवंय तो करत नाही. जो आधीपासून अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे, तो सरकारकडे अर्ज करतो की ही माझी बायको आहे, हिला इथे कायमचं राहू द्या. या अर्जाचं नाव आय-१३०. म्हणजे तुम्ही जोडीदाराला ‘मदत’ करत नाही आहात. कायद्याच्या नजरेत पहिले अर्जदार तुम्हीच आहात. सही तुमची, शपथ तुमची, आणि पुढे येणारी पैशांची हमीसुद्धा तुमचीच. सोयीसाठी या लेखात अर्ज करणारा नवरा आणि येणारी बायको असं धरलं आहे. उलट असेल किंवा दोघी बायका, दोघे पुरुष असतील तरी नियम तेच.

आय-१३० मंजूर झाला म्हणजे काय झालं, याबद्दल बराच गोंधळ असतो. त्यातून एवढंच ठरतं की लग्न कायदेशीर आहे आणि खरं आहे. राहण्याचा हक्क, काम करण्याची परवानगी, व्हिसाची मुदत संपली असेल तर त्यापासून संरक्षण, यातलं काहीही त्याने मिळत नाही. ग्रीन कार्डाचा खरा अर्ज ही दुसरी पायरी असते. बायको अमेरिकेत असेल तर आय-४८५, भारतात असेल तर नॅशनल व्हिसा सेंटरमार्फत डीएस-२६० आणि मग मुंबईच्या वकिलातीत मुलाखत.

आता रांगेचं. तुम्ही नागरिक असाल तर बायकोसाठी रांगच नाही. तिच्या गटाला वार्षिक मर्यादा नाही, त्यामुळे बायको कायदेशीर मार्गाने देशात आलेली असेल तर आय-१३० आणि आय-४८५ एकाच पाकिटात पाठवता येतात. तुम्ही स्वतः ग्रीन कार्डधारक असाल तर ती एफ-२-ए नावाच्या गटात जाते आणि त्या गटाला वर्षाला साधारण ८८ हजार व्हिसांची मर्यादा आहे. इथे भारतीयांच्या पोटात गोळा येतो, कारण नोकरीवरच्या ईबी-२, ईबी-३ च्या रांगा आपण पाहिलेल्या असतात. पण एफ-२-ए मधल्या तीन चतुर्थांश व्हिसांना एकेका देशाला ठरलेली मर्यादा लागू होत नाही. त्यामुळे भारतात जन्मलेल्या बायकोला इथे भारतात जन्मल्याची ती जबर किंमत सहसा मोजावी लागत नाही. कोणत्या तारखेपर्यंत भरलेल्या अर्जांची पाळी आली आहे ते परराष्ट्र खातं दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये छापतं. आणि मध्येच तुम्ही नागरिक झालात, तर तोच आय-१३० नागरिकाच्या बायकोच्या गटात जातो, नवा भरावा लागत नाही. मुलं असतील तर मात्र सांभाळा: एफ-२-ए मध्ये मूल आईच्याच अर्जाला जोडून येतं, नागरिकाच्या गटात तसं येत नाही. प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३० लागतो, आणि हे लोकांना बहुतेक वेळा मुलाखतीची तारीख आल्यावर कळतं.

अमेरिकेतूनच अर्ज करायचा की भारतातून, हा प्रश्न नुसता सोयीचा नाही. अमेरिकेत राहून आय-४८५ भरायला बायको विमानतळावर तपासणी होऊन, रीतसर आत आलेली असावी लागते. नागरिकाच्या बायकोची मुदत नंतर संपली असली, तिने मधल्या काळात परवानगीशिवाय काम केलं असलं, तरी कायदा ते बहुधा आडवं आणत नाही. ग्रीन कार्डधारकाच्या बायकोला ही सवलत नाही. त्यावरून काही जण एक ‘युक्ती’ सुचवतात: पर्यटक व्हिसावर बोलावून घ्या, मग इथेच अर्ज टाका. हे करू नका. पर्यटक व्हिसावर येताना ती अधिकाऱ्याला सांगते की मी परत जाणार आहे. मनात राहायचं असताना असं सांगणं म्हणजे खोटी माहिती देणं, आणि त्याची शिक्षा प्रवेशावर कायमची बंदी ही असू शकते. प्रवेशानंतर ९० दिवसांच्या आत केलेल्या अशा गोष्टींकडे परराष्ट्र खातं विशेष संशयाने पाहतं. ९१ व्या दिवशी सगळं माफ होतं असाही याचा अर्थ नाही.

मुदत संपलेली असेल तर दुसरा सापळा बाहेर पडण्यात आहे. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून देश सोडला तर तीन वर्षं, एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहून सोडला तर दहा वर्षं परत येता येत नाही. हा बंदीचा काळ सुरू होतो तो देश सोडल्यावर. म्हणून ‘भारतात जाऊन स्वच्छ मार्गाने येऊ’ हा प्रामाणिक विचारच कधी कधी सगळ्यात महाग पडतो. अशी परिस्थिती असेल तर एकही फॉर्म भरायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. वकीलच, किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधी. फॉर्म भरून देणारा ‘कन्सल्टंट’ नाही.

आय-४८५ प्रलंबित असताना प्रवासाचंही असंच आहे. ॲडव्हान्स परोल नावाचा, बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी देणारा कागद हातात नसताना बायकोने देश सोडला, तर अर्ज तिनेच सोडून दिला असं धरतात. एच-१, एल-१ या नोकरीच्या व्हिसांवर किंवा त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४, एल-२ वर असणाऱ्यांना यातून सूट आहे, ते वैध व्हिसावर जाऊन येऊ शकतात. विद्यार्थी व्हिसावरच्या बायकोला नाही. गावाकडून आजी आजारी असल्याचा फोन आला की माणूस तिकीट आधी काढतो आणि नियम नंतर वाचतो, म्हणून ॲडव्हान्स परोलचा अर्ज, आय-१३१, आय-४८५ सोबतच टाकून ठेवावा असं माझं मत आहे, प्रवासाचा बेत नसला तरी. कामाच्या परवान्याचा आय-७६५ सुद्धा त्याच पाकिटात.

मराठी कुटुंबांचा सगळ्यात जास्त वेळ मात्र जातो तो नावांत. आपल्याकडे मुलीचं मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावसुद्धा बदललेलं असतं. मग जन्मदाखल्यावर एक नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं, पासपोर्टवर तिसरं, आणि आधारवर स्पेलिंग चौथं. अमेरिकन अधिकाऱ्याला ही चार वेगळी माणसं दिसू शकतात. उपाय अगदी साधा आहे: फॉर्मवर ‘वापरलेली इतर नावं’ असा रकाना असतो, त्यात माहेरचं नाव, सासरचं नाव, वडिलांच्या नावासकटचं आणि नवऱ्याच्या नावासकटचं, सगळी रूपं लिहून टाका. लपवण्यासारखं त्यात काही नाही. पासपोर्टवर आडनाव आणि नाव असे दोन रकाने नीट भरलेले नसतील तर अमेरिकन व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापून येतं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात, आणि ते पुढे बँकेपासून वाहन परवान्यापर्यंत पाठ सोडत नाही. पासपोर्ट अर्जाच्या आधी दुरुस्त करून घेता आला तर उत्तम.

जन्मदाखल्याची गोष्ट वेगळी. जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ आणि आईवडिलांची नावं. महापालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून नाव घालून घेता येतं, पण त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिलं सुरू करा. नोंदच सापडत नसेल तर तसं लिहून देणारा, नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यायचा आणि त्यासोबत दुय्यम पुरावे जोडायचे: शाळा सोडल्याचा दाखला, आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. लग्नाचा पुरावा म्हणून निबंधकाकडचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागतं. लग्नपत्रिका, मंगल कार्यालयाची पावती, भटजींचं पत्र हे सोबतीला चालेल, त्याऐवजी नाही. दोघांपैकी कोणाचं आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा न्यायालयाचा हुकूमनामा किंवा आधीच्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला हवाच. मराठीतल्या प्रत्येक कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडायचं आणि भाषांतर करणाऱ्याने सही करून लिहून द्यायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर अचूक आहे. इमिग्रेशन खात्याला, म्हणजे यूएससीआयएसला, त्यासाठी नोटरी लागत नाही. फक्त ते काम नवऱ्याने किंवा बायकोने करू नये, उगाच शंकेला जागा कशाला. भारतातून मुलाखत असेल तर पासपोर्ट कार्यालयाचं पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्रही लागतं, शिवाय सोळाव्या वर्षानंतर इतर कुठल्या देशात वर्षभर किंवा जास्त राहणं झालं असेल तर तिथलंही.

यापुढचा भाग म्हणजे लग्न खरं आहे हे दाखवणं. अधिकारी प्रेमाची परीक्षा घेत नाही. ग्रीन कार्डासाठी केलेला हा देखावा आहे की दोन माणसांनी एकत्र आयुष्य काढायचं ठरवलं आहे, एवढंच त्याला ठरवायचं असतं. त्यामुळे ठरवून झालेलं लग्न, दोनदा भेटून तिसऱ्यांदा साखरपुडा, यात गैर काहीच नाही आणि ते लपवून एखादी प्रेमकहाणी रचण्याची गरज तर मुळीच नाही. उलट जे झालं ते तसंच सांगावं: स्थळ कोणी सुचवलं, पहिलं बोलणं कधी झालं, घरचे कधी भेटले. अडचण असते ती वेगळीच. आपल्या घरांत व्यवहार एकाच्या नावावर असतो. घरभाडं नवऱ्याच्या खात्यातून, विमा नवऱ्याच्या ऑफिसातून, विजेचं बिल नवऱ्याच्या नावाने. बायको त्या घरात दोन वर्षं राहिली तरी कागदावर तिचा मागमूस नसतो. म्हणून ती आल्या आल्या भाडेकरारात तिचं नाव घाला, संयुक्त खातं उघडा आणि ते खरंच वापरा, विम्यात आणि निवृत्ती खात्यात तिला वारस लावा, टॅक्स रिटर्न एकत्र भरा. फक्त अर्जासाठी उघडलेल्या, पन्नास डॉलर पडून असलेल्या खात्याला कोणी फसत नाही.

व्हॉट्सॲपच्या चारशे पानी प्रिंट पाठवायची एक पद्धत पडली आहे. ती पानं कोण वाचणार? लग्नापूर्वीपासून आजपर्यंतच्या काळात थोडी थोडी विखुरलेली, तारखा असलेली तीसचाळीस चांगली पानं पुरतात: प्रवासाची तिकिटं, दोन्हीकडचे नातेवाईक असलेले फोटो, पैसे पाठवल्याच्या नोंदी, एकमेकांना ओळखणाऱ्यांची सविस्तर पत्रं. आणि बनावट लग्नाबद्दल एकदाच सांगतो. पाच वर्षांपर्यंत तुरुंग, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, आणि अशा लग्नाची नोंद फाइलला लागली की त्या व्यक्तीसाठी पुढे कोणीही केलेला अर्ज मंजूर होत नाही. पुढचं लग्न अगदी खरं असलं तरी.

आय-८६४ वर सही करताना लोक सगळ्यात कमी विचार करतात. हा फॉर्म म्हणजे तुम्ही सरकारशी केलेला करार: बायकोचं उत्पन्न गरिबी रेषेच्या १२५ टक्क्यांखाली जाऊ देणार नाही. २०२५ च्या आकड्यांनुसार दोघांच्या कुटुंबासाठी ही रक्कम वर्षाला २६,४३७ डॉलर होती. अलास्का आणि हवाईसाठी आकडा जास्त असतो, सैन्यात सक्रिय असणाऱ्यांना १०० टक्के पुरतात. उत्पन्न कमी पडत असेल तर मालमत्ता दाखवता येते. नागरिकाच्या बायकोसाठी तुटीच्या तिप्पट, म्हणजे पाच हजार कमी पडत असतील तर पंधरा हजारांची. भारतातली मुदत ठेवही चालू शकते, पण ती वर्षभरात रोख करून अमेरिकेत आणता येईल असं दाखवावं लागतं. तरीही जमत नसेल तर दुसरा जामीनदार, तो नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा आणि अमेरिकेत राहणारा असावा. मित्राला ‘नुसती सही कर रे, फॉर्मॅलिटी आहे’ असं म्हणू नका. बायको नागरिक होईपर्यंत, किंवा कामाच्या ४० तिमाही तिच्या खाती जमा होईपर्यंत, किंवा ती कायमची देश सोडेपर्यंत किंवा वारेपर्यंत ही हमी चालू राहते. घटस्फोटाने ती संपत नाही, आणि घटस्फोटानंतर बायको या कराराच्या आधारे कोर्टात जाऊ शकते. मित्राला हे माहीत असायला हवं. तुम्हालाही.

वैद्यकीय तपासणीचं थोडक्यात: अमेरिकेत असाल तर खात्याने नेमलेल्या सिव्हिल सर्जनकडेच करायची, नेहमीच्या डॉक्टरकडे नाही. डिसेंबर २०२४ पासून आय-६९३ चं, म्हणजे या तपासणीच्या अहवालाचं, बंद पाकीट आय-४८५ सोबतच पाठवावं लागतं. लसीच्या नोंदी भारतातून मागवून घ्या, नाहीतर गोवर-गालगुंडाची लस पुन्हा टोचून घ्यावी लागेल. क्षयासाठी रक्ताची तपासणी होते; लहानपणी घेतलेल्या बीसीजीने त्वचेच्या चाचणीचा निकाल चुकवायचा, या तपासणीला ती अडचण नाही. खर्चाचं म्हणाल तर १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार आय-१३० ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदावर ६७५, आय-४८५ चे १,४४०, त्यासोबतच्या कामाच्या परवान्याचे २६० आणि ॲडव्हान्स परोलचे ६३०. दर बदलत असतात, पाकीट टाकायच्या दिवशी खात्याच्या संकेतस्थळावर बघूनच भरा. फॉर्मची आवृत्तीही त्याच दिवशी तपासा, जुन्या आवृत्तीचा फॉर्म ते परत पाठवतात.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते. बहुतेक घरांत इंग्रजी बरं असलेला, इथे आधी आलेला माणूस सगळे फॉर्म एकटा भरतो आणि बायकोला फक्त खुणा केलेल्या ठिकाणी सह्या करायला सांगतो. प्रेमापोटीच करतो. पण आय-४८५ वर ती सही करते ती खोटं निघाल्यास गुन्हा, या अटीवर. त्यात होय-नाही प्रश्नांची लांबच लांब माळ असते: कधी अटक झाली का, परवानगीशिवाय काम केलं का, कधी व्हिसा नाकारला गेला का. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना केलेलं छोटंसं काम, दहा वर्षांपूर्वी नाकारलेला पर्यटक व्हिसा, कॉलेजातल्या आंदोलनात तासभर पोलीस ठाण्यात बसवलं होतं ते, हे नवऱ्याला माहीतही नसेल. तिला असेल. एका संध्याकाळी बसून प्रत्येक प्रश्न मराठीत तिला सांगा आणि उत्तर तिला देऊ द्या. काही अडचणीचं निघालं तर तेव्हाच वकिलाकडे जाता येतं, मुलाखतीच्या टेबलावरून नाही.

मुलाखतीतही हेच. प्रश्न तिला असेल तर उत्तर तिने द्यायचं. मध्ये बोलणारा नवरा अधिकाऱ्याला सहसा आवडत नाही. ग्रीन कार्डासाठी इंग्रजीची परीक्षा नसते, दुभाषी नेता येतो. शंका आली तर दोघांना वेगळं बसवून तेच प्रश्न विचारतात: पलंगाच्या कोणत्या बाजूला कोण झोपतं, काल रात्री काय खाल्लं. यासाठी पाठांतर करू नका. खऱ्या जोडप्यांचीही उत्तरं जुळत नाहीत आणि ‘आठवत नाही’ हे खरं उत्तर रचलेल्या उत्तरापेक्षा कधीही बरं. पाठवलेल्या संपूर्ण पाकिटाची एक प्रत मात्र तिच्याकडे हवी, आणि तिने ती वाचलेली हवी. फोटोच्या मागच्या तारखा कोणत्या, आय-१३० मध्ये पहिल्या भेटीचं वर्ष काय लिहिलंय, हे तिला माहीत नसेल तर चूक तिची नाही. पण भोगावं दोघांना लागतं. अर्ज टाकल्यानंतर आणखी पुरावे मागणारं पत्र आलं तर उत्तराला जास्तीत जास्त बारा आठवडे मिळतात आणि मुदतवाढ मिळत नाही. पत्रं तिच्या नावाने येतात, पेटी दोघांनी उघडायची सवय ठेवा. घर बदललं तर दहा दिवसांत पत्ता कळवायचा असतो.

कार्ड मिळालं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ते सशर्त असतं, दोनच वर्षांचं. १९८६ च्या कायद्याने ही तरतूद आणली. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे ही अट काढण्याचा अर्ज, भरायचा. विसरलात तर कायम रहिवासी हा दर्जाच जातो, म्हणून कार्ड हातात आल्या दिवशीच कॅलेंडरवर तारीख टाका. पुरावे पुन्हा द्यावे लागतात, मधल्या दोन वर्षांचे.

आणि हे तिच्यासाठी. लग्न मोडलं तरी आय-७५१ एकटीला भरता येतो, घटस्फोटाचा कागद आणि लग्न खरं होतं याचे पुरावे जोडून. मारहाण किंवा मानसिक छळ होत असेल तर कायदा नवऱ्याला मध्ये न घेता, त्याला न कळवता स्वतः अर्ज करायचा मार्ग देतो, तो नागरिक असो वा ग्रीन कार्डधारक. हाच मार्ग छळ सोसणाऱ्या नवऱ्यालाही आहे. ‘मी तुझं कार्ड रद्द करेन’ ही धमकी खूप ऐकू येते. कार्ड मिळण्याआधी तो आपला आय-१३० मागे घेऊ शकतो, हे खरं. कार्ड मिळाल्यानंतर ते काढून घेण्याचा अधिकार त्याला नाही. ते सरकार ठरवतं, आणि त्याची रीतसर प्रक्रिया असते. तिचा ईमेल, तिचं यूएससीआयएसचं खातं आणि पासवर्ड तिचाच असावा. चांगल्या नवऱ्याला यात हरकत असण्याचं कारण नाही.

कार्ड आल्यावर दोन गोष्टी राहून जातात. एक, ती आता अमेरिकेच्या दृष्टीने जगभरच्या उत्पन्नावर करदाती आहे. माहेरच्या गावातल्या बँकेत तिच्या नावाच्या ठेवी, आईसोबतचं संयुक्त खातं, पीपीएफ, या सगळ्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली तर त्याची माहिती दरवर्षी वेगळ्या अहवालात द्यावी लागते. पैसा तिच्या बाबांनी ठेवलेला असला तरी खात्यावर नाव तिचं असेल तर हे लागू आहे. भारताच्या बाजूने तिचं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, करून घ्यायचं असतं, तेही बहुतेक जण विसरतात. दुसरी, बाळंतपणासाठी किंवा आईवडिलांच्या आजारपणात लांबलेला मुक्काम. एक वर्षाहून जास्त बाहेर राहायचं असेल तर निघण्याआधी अमेरिकेत असतानाच रीएंट्री परमिटचा, म्हणजे परत येण्याच्या परवान्याचा, अर्ज करावा लागतो. सहा महिन्यांहून मोठ्या मुक्कामाने नागरिकत्वासाठी मोजला जाणारा सलग वास्तव्याचा काळ तुटू शकतो. नागरिकाची बायको म्हणून त्याच्यासोबत राहत असेल तर तो काळ तीन वर्षांचा, नाहीतर पाच, आणि अर्ज ९० दिवस आधी टाकता येतो. इंग्रजीची आणि नागरिकशास्त्राची परीक्षा येते ती तिथे.